आक्काच्या पायातली आई

माझी आई मी तीन वर्षांची असताना बाळंतपणात गेली. पुढं मी सात वर्षांची झाले तेव्हापासून बारा वर्षांची होईपर्यंत ती माझ्या सावत्र आईच्या डाव्या पायात राहत होती. हे वाक्य आज कागदावर उतरवताना हात थांबतो. आत्ताच नातसून चहा ठेवून गेली, तिनं वाचलं तर म्हातारीचं डोकं फिरलं असंच म्हणेल. पण त्या वेळी आमच्या घरात ही गोष्ट कुणी कुजबुजत सांगत नसे. म्हैस गोठ्यात आहे, तंबाखू माळ्यावर आहे, तशी ती पायात आहे, असं सगळे सहज बोलत. ‘आज ती जागी हाय,’ असं आत्ती म्हणाली की आम्हाला कळायचं, आक्काचा पाय आज फार ठणकतोय.

आमचं गाव निपाणीपासून दोन कोसांवर, चहूकडं तंबाखूची रानं. घरात माणसं चारच. आप्पा, म्हणजे माझे वडील. त्यांची थोरली बहीण, जिला मी आत्ती म्हणायची. ती लहान वयात विधवा होऊन माघारी आलेली आणि घराच्या किल्ल्या तिच्याच कनवटीला. मग आक्का, म्हणजे माझी सावत्र आई, आणि मी. तंबाखू निघाली की वाळलेला पाला माळ्यावर छताला टेकेपर्यंत रचायचे. त्याचा वास भिंतीत असा मुरला होता की भाकरीच्या पिठाला, वाकळेला, माझ्या वेणीलासुद्धा तोच वास. पाहुणे उंबऱ्यातच शिंकायला लागत. सकाळी आत्तीच्या भाकऱ्यांची थपथप, खर्ड्याच्या मिरच्या तव्यावर परतल्या की सगळ्यांचा ठसका, आप्पांच्या बैलांच्या घुंगुरमाळा, आणि मग एकदा सगळे रानात गेले की घर इतकं गप्प व्हायचं की चुलीतला निखारा फुटलेला सोप्यात ऐकू येई. ऊन तापलं की माळ्यावरचा पाला आपोआप हलायचा. वर कुणीतरी अनवाणी, जपून पाऊल टाकतंय, असा तो आवाज.

आक्का उंच, रुंद हाडाची बाई. मी चार वर्षांची असताना ती घरात आली तेव्हा अठरा-एकोणीसची असेल. दिवसभर तंबाखूत उभी राहून पाला झोडायची, चाळायची, आणि संध्याकाळी मला मांडीवर घेऊन माझ्या केसांतला तंबाखूचा भुगा फुंकून काढायची. तिच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी काळ्या दोऱ्यात एक चांदीचा टाक असे. त्यावर बाई कोरलेली. ती माझी आई. दुसरेपणावर दिलेल्या बायकोनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचाच, अशी तेव्हाची रीत. माझ्या आईचा मी पाहिलेला चेहरा तेवढाच. डोळ्यांची दोन टिंबं आणि तोंडाची एक रेघ.

मी सात वर्षांची असताना आक्काच्या डाव्या घोट्याच्या वर, आतल्या अंगाची कातडी काळ्या गुळासारखी झाली. खाजवता खाजवता एक दिवस ती फुटली, आणि फुटली ती फुटलीच. आत्तीनं तंबाखूची पूड भरली. मग कडुलिंबाचा पाला, मग चुना-हळद, मग शेणाच्या गोवरीची राख. निपाणीच्या कंपाउंडरनं पिवळी पूड दिली, तिच्या वासानं आठ दिवस घरात कुणाला जेवण गेलं नाही. दर उपायानंतर आठ-दहा दिवस जखम सुकल्यासारखी दिसायची, आणि मग आधीपेक्षा मोठी होऊन उघडायची. तिसऱ्या वर्षी ती माझ्या पंजाएवढी झाली. गावात तिला कुणी जखम म्हणत नसे, ‘तोंड’ म्हणत. ‘तोंड किती मोठं झालं?’ असं बायका दारातूनच विचारत. पुढं पुढं त्या दारातही येईनाशा झाल्या, कारण वास आता तंबाखूलाही ऐकत नव्हता.

माझं काम माशा वारायचं. सगळे रानात गेले की आक्का सोप्यात बाजल्यावर पडायची आणि मी पायाशी लिंबाचा डहाळा घेऊन बसायची. दुपारच्या त्या वेळी आमच्या घरात जे होतं, त्याला काय म्हणावं हे मला अजून सुचत नाही. दाराच्या फटीतून उन्हाची एक पट्टी आत यायची आणि हळूहळू सरकत बरोबर त्या पायावर येऊन थांबायची. जखमेच्या कडा पांढऱ्या, जाड, ओठांसारख्या दुमडलेल्या. आतून सारखं पाणी पाझरायचं. मधेच एखादा बुडबुडा वर यायचा, थोडा वेळ थरथरायचा आणि फुटायचा. मी कान जवळ न्यायची. वर पाला चालत असायचा, आणि खाली, अगदी बारीक, काहीतरी बोलल्यासारखं. शब्द लागायचे नाहीत. पण आपल्याशीच बोलतंय, एवढं कळायचं.

ती माझी आईच आहे हे नक्की केलं देवरशानं. तो नदीपलीकडून यायचा, अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलायचा. त्यानं आक्काच्या पायाशी तांदूळ टाकून पाहिले आणि सांगितलं, पहिली पोटातल्या जिवासकट गेली, तिची भूक राहिलीय, म्हणून तिनं इथं तोंड केलंय. त्यावर उपाय मी. ‘पोटच्या पोरीचं ऐकंल ती,’ तो म्हणाला. मग दर अमावास्येला, दिवे लागायच्या आधी, आत्ती दहीभाताचं ताट पायाशी ठेवायची आणि मला समोर बसवायची. मी तीनदा म्हणायचं, ‘आई, जा. आई, आता जा. आई, हितनं जा.’

एका अमावास्येला आक्का तापानं फणफणली होती. मी दुसऱ्यांदा ‘जा’ म्हटलं आणि ती मिटल्या डोळ्यांनीच बोलली, ‘पोरीला जेवाय घातलंसा काय?’ आवाज तिचा नव्हता. बारीक होता, जरासा नाकातून. आत्तीच्या हातातली समई कलंडली. आप्पा भिंतीला पाठ लावून खाली बसले आणि दोन्ही हातांनी त्यांनी तोंड झाकून घेतलं. तो आवाज त्यांनी ओळखला, असं मला तेव्हा वाटलं. मी त्यांना पुढं आयुष्यभर ते विचारू शकले नाही. तापात माणूस काय काय बोलतं हे मी नंतर पुष्कळ पाहिलं, तरी त्या एका वाक्याचा उलगडा मला झालेला नाही, आणि झाला असं मी उगाच लिहिणार नाही.

आणि एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. ‘जा’ म्हणताना मी मनात प्रत्येक वेळी ‘राहा’ म्हणत होते. गावात सगळ्या पोरींना आया होत्या. माझी होती ती ही एवढी, पंजाएवढी. तिच्याशेजारी मी दुपारभर बसू शकत होते. ती गेली असती तर मला काय राहिलं असतं? आक्का कण्हायची तेव्हा मला वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू. आणि तरी मी ‘राहा’च म्हणायची.

मी बारा वर्षांची असताना आक्काच्या पायावरून लाल रेघा गुडघ्याच्या वर चढल्या. ती कुणाला ओळखेना. आप्पांनी आत्तीपुढं कधी आवाज चढवला नव्हता, तो त्या सकाळीही चढवला नाही; फक्त गाडी जुंपली, आक्काला उचलून कडब्यावर निजवलं आणि मला म्हणाले, ‘अनशे, बस.’ आत्ती दारातून म्हणाली, ‘परक्या मुलखात न्हेऊन तिला डिवचू नगंस.’ तिला म्हणजे कुणाला, ते विचारायची गरज नव्हती. निपाणीहून सर्विस मोटारीनं आम्ही बेळगावला गेलो. मोटारीतली माणसं एकेक करून पुढच्या बाकांवर सरकली, शेवटची दोन बाकं आम्हा तिघांनाच राहिली.

बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी पाय पाहिला आणि गुडघ्याखाली हात आडवा धरून दाखवला. इथून कापावा लागेल. मग डॉक्टर म्हणाले, ‘ताप उतरेपर्यंत ठेवून घेऊ. तोवर मागच्या वऱ्हांड्यात रूथबाईंना दाखवा. त्या फक्त जुन्या जखमाच बघतात. त्यांनी नाही म्हटलं तर मग कापू.’

तो वऱ्हांडा मी कधी विसरणार नाही. बाकांवर ओळीनं माणसं बसलेली, प्रत्येकाचा एक पाय पुढं, खाली पत्र्याची पाटी. कुणाची जखम सात वर्षांची, कुणाची अकरा. शेजारी एक खानापूरकडचा म्हातारा होता. त्याच्या पायात नाग आहे, असं त्यानं सांगितलं. जंगलात लाकूड तोडताना चुकून मारलेला. त्याच्या पलीकडच्या बाईच्या पायात जावेनं केलेली करणी होती. एका पोरसवद्या शिपायाच्या टाचेत त्यानं ओलांडलेली कुणाचीतरी समाधी होती. ‘तुमच्यात कोण?’ म्हाताऱ्यानं विचारलं. मीच उत्तर दिलं, ‘माझी आई.’ त्यानं मान डोलावली. आणि तो नाग, ती करणी, ती समाधी, सगळ्यांना एकच ठेंगणी, सावळी बाई एकाच पातेल्यातल्या उकळून निववलेल्या मिठाच्या पाण्यानं धूत चालली होती.

रूथबाई बेळगावच्याच, ख्रिस्ती. पांढरं लुगडं, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी आक्काच्या पायाचं फडकं सोडलं आणि आधी वाकून वास घेतला. तोंड फिरवलं नाही. मग घोटा पाहिला, नडगी पाहिली, दुसरा पाय पाहिला. जखम त्यांनी सगळ्यात शेवटी पाहिली. नडगीवर त्यांनी अंगठा दाबून धरला आणि उचलला. तिथं खड्डा पडला, आणि तो खड्डा भरेचना.

‘उभ्यानं किती काम करता?’ त्यांनी आक्काला विचारलं.

‘दिवसभर. तंबाखूत.’

‘बाळंतपण झालंय?’

आक्कानं माझ्याकडं पाहिलं, मग आप्पांकडं. ‘झालंय एक. पोरगं तिसऱ्या दिवशी गेलं.’

‘त्या वेळी हा पाय सुजला होता?’

आक्कानं वाकून त्या पायाकडं पाहिलं. मग ती म्हणाली, ‘मांडीपातोर. पांढराफेक झालता, दुधी भोपळ्यासारखा. दोन म्हैनं उठलो न्हाय.’ आमच्याकडं बायकाही ‘उठलो’, ‘गेलतो’ असंच बोलतात. ‘हे मला आजपातोर कुणी इचारलंच न्हाय बाई.’

‘ह्यात कोण बसलेलं न्हाय,’ रूथबाई म्हणाल्या. ‘रक्त बसलंय. त्या सुजेत आतली शीर बंद पडली. खाली आलेलं रक्त वर चढत न्हाय, तिथंच साचतंय आणि कातडीला खातंय. वरनं काय पण लावा, तंबाखू लावा न्हायतर सोनं लावा, भरायची न्हाय. जखम इथं दिसती, पण दुखणं सगळ्या पायाचं हाय.’

आप्पा चाचरत म्हणाले, ‘बाई, आमची पहिली मंडळी...’

‘त्यांचं मला काय म्हाईत न्हाय,’ रूथबाई शांतपणे म्हणाल्या. ‘मला पायाचं म्हाईत हाय. वीस वर्षं दुसरं काय केलं न्हाय मी.’

तीन आठवडे आम्ही तिथं राहिलो. ताप उतरला, लाल रेघा गेल्या. मेलेलं सगळं त्यांनी रोज थोडं थोडं चिमट्यानं काढलं. मग त्यांनी जस्ताच्या पांढऱ्या मलमात भिजवलेली पट्टी बोटांच्या मुळापासून गुडघ्यापर्यंत बांधली, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर, खाली घट्ट, वर जाताना सैल. वेढे मोजताना त्या कानडीत मोजायच्या, ओंदु, एरडु, मूरु. बांधण्याआधी जखमेवर स्वच्छ झिरझिरीत कागद धरून पेन्सिलीनं तिची कड गिरवायच्या आणि तो कागद माझ्याकडं द्यायच्या. ‘सांभाळून ठेव. जखम किती कमी झाली ते डोळा खरं सांगत न्हाय, कागद सांगतोय.’

पुढं त्या दर आठवड्याला सर्विस मोटारीनं निपाणीच्या दवाखान्यात येत, तिथं गाडीनं आक्काला न्यायचं ठरलं. घरी बाजल्याच्या पायथ्याखाली विटा लावल्या. उभं राहायचं नाही. चालायचं किंवा पाय वर करून निजायचं. आत्तीचा जीव घाबरा झाला. तिनं देवरशाला बोलावलं. त्यानं त्या पांढऱ्या, टणक झालेल्या पायाकडं पाहिलं आणि बाजल्यापासून चार पावलं मागं सरकला.

‘तोंड बांधलंसा,’ तो म्हणाला. ‘आता ती दुसरं तोंड शोधंल.’ आणि त्यानं माझ्याकडं पाहिलं.

त्या दिवसापासून आत्ती रोज सकाळी अंगणात माझे घोटे तपासायची. मीही तपासायची, तिच्याआधी उठून. आत्तीच्या मनात भीती होती. माझ्या मनात काय होतं, ते आता लिहायला हरकत नाही. मी वाट पाहत होते.

ते कागद मी सोप्यातल्या भिंतीला बाभळीच्या काट्यांनी ओळीनं टोचले होते. पहिला आ वासलेल्या तोंडासारखा. दुसरा तसाच, पण जरा आत आलेला. चौथ्यापासून मला त्यात माणूस दिसायला लागला. डोकं, खांदे, पदर. दर आठवड्याला तो लहान होई. कुणीतरी पाठमोरं रस्त्यानं लांब चाललंय, आणि वळून बघत नाही. दुपारी मी एकटी त्या भिंतीसमोर बसायची. वर पाला वाजायचा, पण खालून आता काहीच ऐकू येत नव्हतं. पट्टीच्या आत सगळं गप्प.

सातव्या कागदावर ती चिंचेच्या पानाच्या झुबक्याएवढी राहिली. त्यानंतर दोन दिवसांनी, भर दुपारी, आक्का गाढ झोपलेली असताना, मी पट्टी सोडली.

मलम वाळून पट्टी पायाला चिकटली होती. मी पाणी लावून, थोडी थोडी सैल करून सोडली. आत जखम होती, पण ती माझ्या ओळखीची नव्हती. ओठ नव्हते. पाणी नव्हतं. डाळिंबाच्या दाण्यांसारखी लाल, स्वच्छ, कडेनं फिकट गुलाबी कातडी आत सरकत आलेली. मी कान लावला. काही नाही. ‘आई,’ मी म्हटलं. माळ्यावरचा पालासुद्धा त्या क्षणी थांबला. मी पुन्हा हाक मारली. त्यानंतर मी किती वेळा हाक मारली ते आठवत नाही. भीतीच्या गोष्टी मी जन्मभर पुष्कळ ऐकल्या, पण आपण हाक मारावी आणि तिकडं कुणीच नसावं, यापेक्षा भीतीचं मला काही माहीत नाही.

मी उठले. कोनाड्यातली तंबाखूची पूड घेतली आणि त्या लाल दाण्यांवर दाबून भरली. उघड, मी म्हणत होते, उघड, उघड.

मग मान वर केली तर आक्काचे डोळे उघडे होते. ती माझ्याकडं बघत होती. पाय तिनं हलवला नाही. त्या पुडीनं आग किती होते ते मी पुढं माझ्या हातावरच्या खरचटीवर लावून पाहिलं. डोळ्यांपुढं काजवे चमकले. ती निश्चल पडून राहिली, आणि काही वेळानं तिनं डोळे मिटून घेतले. मी पट्टी कशीबशी गुंडाळली आणि गोठ्यात जाऊन म्हशीच्या मागं बसले.

पुढच्या वेळी निपाणीत रूथबाईंनी पट्टी सोडली. त्यांनी कागद गिरवला आणि आधीच्या कागदावर ठेवला. जखम दुप्पट झाली होती, मधोमध काळी.

‘पट्टी कुणी सोडली?’

‘मीच,’ आक्का लगेच म्हणाली. ‘खाजत हुतं बाई लई. आणि तंबाखूबी मीच भरली. जुनी सवय.’

रूथबाईंनी गाठ हातात घेऊन पाहिली. मी वेणीला मारते तशी गाठ होती ती. त्यांनी चष्म्यातून माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं आता सगळं संपलं. पण त्यांनी पातेलं माझ्यापुढं सरकवलं. ‘हात धू, अनसूया. कोपरापर्यंत. आज तू धुवायचीस.’

मी धुतलं. ती काळी पूड कणाकणानं निघताना आक्कानं बाकाची कड पकडली होती. तिची नखं पांढरी झालेली मी पाहिली. मग रूथबाईंनी माझं बोट धरून आक्काच्या पावलावर ठेवलं. ‘दाब. हलकं. लागतंय काय?’ काहीतरी ठोके देत होतं, बारीक, सारखं. ‘हे तिचं रक्त. हे खाली येतंय. त्याला घरी परत जायचंय, पण वाट मोडलीय. पट्टी म्हंजे तेवढाच आधार. तू आता रोज पट्टीबाहेरच्या बोटांना हात लावून बघायचंस. बोटं गार पडली, निळी झाली, तर पट्टी लई घट्ट झाली. सूज आली, तर सैल झाली. हे तुझ्याशिवाय कुणाला कळणार न्हाय.’

मी रडत होते. आक्का दूर पाणी प्यायला गेली तेव्हा त्या खाली वाकून हळूच म्हणाल्या, ‘मला सुद्धा आई लहानपणी न्हाय. पण पोरी, कुणाची आई कुणाच्या जखमेत राहत न्हाय. तिथं राहून तिला काय सुख?’

त्यानंतर पट्टी मीच बांधली. पहिले काही आठवडे रूथबाई समोर बसून बघत, चुकलं की सगळी सोडायला लावत. खाली घट्ट, वर सैल, प्रत्येक वेढा अर्ध्यावर, आणि मीही कानडीत मोजायला शिकले. अमावास्येला आत्ती ताट वाढायची, पण मला समोर बसायला सांगेनाशी झाली. एकदा मी पट्टी बांधत असताना ती बाजूला येऊन उभी राहिली आणि कंदील जवळ धरला. एवढंच. जखम भरायला आणखी पाच महिने लागले. मधे दोनदा ती अडली, एकदा रूथबाई पावसानं येऊ शकल्या नाहीत म्हणून, एकदा आक्का हट्टानं दिवसभर तंबाखूत उभी राहिली म्हणून. देवरशी त्यानंतर आमच्या गल्लीत दिसला नाही. मला कुठंही तोंड पडलं नाही.

आज पायांच्या जखमा घेऊन फिरणारी माणसं मला बाजारात, लग्नात दिसतात. वर महागडं मलम, वर रुमाल. मी न विचारता त्यांना सांगते, हे नुसतं वरवर लावून भरायचं नाही, ज्याला पायाचं कळतं त्याच्याकडं जा, आणि बरी झाली तरी पट्टी सोडू नका. लोक हसतात. आक्कानं ती पट्टी मरेपर्यंत बांधली. त्या पायावर ती पुढं तीस वर्षांहून जास्त चालली, माझ्या तीन बाळंतपणांना आली, आणि माझ्या प्रत्येक बाळंतपणात उशाशी नाही, पायाशी बसली, पाय सुजतोय का ते बघत.

जखम पुरती मिटली त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट सांगून थांबते. मी परसात दगडावर पट्ट्या धूत होते. सकाळचं ऊन होतं. आक्का एकटी, कुणाचा हात न धरता चालत आली आणि माझ्याशेजारी पाय लांब करून बसली. घोट्यावरची नवी कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी चमकत होती.

‘त्या दुपारी मी जागी हुतो,’ ती म्हणाली.

‘म्हाईत हाय मला.’ मी मान वर केली नाही. ‘मग का न्हाय उठलीस? मला हाणायचं तरी.’

‘तू तिला हाका मारत हुतीस. मधी मी कशी बोलू?’

मी पट्टी घासत राहिले. जरा वेळानं तिनं विचारलं, ‘तुला ती आठवती काय गं?’

‘न्हाय.’

‘मी बघितलीया तिला.’

माझ्या हातातली पट्टी पाण्यात पडली.

‘लगीन व्हायच्या आधी. निपाणीच्या बाजारात,’ आक्का म्हणाली. ‘आम्ही मडकी बघत हुतो. एक बैल सुटला बघ. माणसं सैरावैरा. कुणी भाजीत पडलं, कुणी मडक्यात. एक बाई माझ्याशेजारी आली, कडंवर पोरगी. घाबरायचं सोडून ती हसत हुती. इतकी हसत हुती की तिला उभं ऱ्हाता येईना. मला म्हणाली, धर गं बाई जरा हिला, मला हसू आवरंना. आणि पोरगी माझ्याकडं दिली.’

‘मग?’

‘मग काय, मी धरली. बैल गेला, तिचं हसू थांबलं, तिनं डोळं पुसलं आणि पोरगी घेऊन गेली. चंद्रा म्हणून कुणीतरी हाक मारली तिला. पुढं लगीन होऊन हितं आलो आणि तुला बघितलं, तवा वळखलं.’

‘इतकी वर्षं का सांगितलं न्हाईस?’

‘ह्या घरात तिचं नाव घ्यायची सोय हुती काय? आत्ती म्हणायची, नाव घेतलं की ती जागी हुईल.’

मी आईची हजार रूपं मनात केली होती. भुकेली, रडणारी, रागावलेली, पाठमोरी. तिला हसताना मी एकदाही पाहिलं नव्हतं. बाजारात, मडक्यांच्या मागं, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला रडू फुटलं, मोठ्यानं, तीन वर्षांच्या पोरीला फुटावं तसं. आक्कानं मला जवळ ओढलं नाही, की उगी म्हटलं नाही. ती पाण्यात पडलेली पट्टी काढून पिळत बसली आणि माझं होईपर्यंत थांबली.

‘परत सांग,’ मी म्हटलं.

तिनं पट्टी दगडावर पसरली आणि पहिल्यापासून परत सांगितलं. या वेळी बैल जरा मोठा झाला होता.